अवजारं भरपूर, पण भुसा कुठे आहे?

शहरांतल्या मध्यमवर्गीय घरांत गेल्या काही वर्षांत एक नवा छंद रुजला आहे, तो सुतारकामाचा. कुणी बाल्कनीत, कुणी गच्चीवर, कुणी पार्किंगमधल्या खांबाच्या आडोशाला आपला छोटासा कारखाना थाटतो. आनंदाचीच गोष्ट आहे. दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्या माणसाला संध्याकाळी लाकडाला हात लावावासा वाटला, तर त्यात वाईट काय? पण या छंदाची एक गंमत आहे. तो बहुतेक वेळा करवतीने सुरू होत नाही, कुरिअरने सुरू होतो. आधी ड्रिल मशीन येतं. मग त्याचे बिट. मग जिगसॉ, मग सँडर, मग राउटर. मग सहा पटाश्यांचा संच येतो आणि तो हाताळून होतो न होतो तोच 'खरा चांगला' संच कोणता, हे सांगणारा व्हिडीओ समोर येतो. वर्षभराने मोजदाद केली तर घरात अवजारं चाळीस आणि तयार झालेली वस्तू एक. तीही बहुधा अवजारं ठेवायची फळी!

हा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असं कुणाला वाटेल. पण तो अधूनमधून माझ्या बाह्यरुग्ण विभागातही येतो. रक्तदाब तपासून झाला की गृहस्थ शर्टाची बाही खाली करत असतात आणि पत्नी हळूच विचारते, “डॉक्टर, हे दर महिन्याला नवीन मशीन मागवतात. हे व्यसन तर नाही ना?” गृहस्थ हसून म्हणतात, “दारू नाही, सिगारेट नाही. एवढं तरी चालेल की नाही?”

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात जुगाराच्या आणि गेमिंगच्या व्यसनाला स्वतंत्र जागा आहे, तशी खरेदीच्या वेडाला नाही. एमिल क्रेपलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्याला 'ओनिओमेनिया' असं नाव देऊन ठेवलं होतं, पण शंभर वर्षं झाली तरी त्याच्या सीमारेषेवर तज्ज्ञांचं एकमत नाही. तेव्हा चार पटाश्या जास्त घेतल्या म्हणून कुणाला रोगी ठरवायचं कारण नाही. मात्र 'निरुपद्रवी हौस' म्हणून हसून सोडून द्यावी, इतकीही ही गोष्ट साधी नाही. माझं मत असं की, अशा घरात बिलं मोजण्याआधी भुसा पाहावा. जमिनीवर भुसा आणि ढलप्या दिसत असतील, तर छंद निरोगी आहे. भुसा नसेल आणि खोकी वाढत असतील, तर काय चाललं आहे हे समजून घ्यायला हवं.

हवंसं वाटणं वेगळं, आवडणं वेगळं

मेंदूत डोपामीन नावाचं एक रसायन असतं. त्याला 'आनंदाचं रसायन' म्हणायची पद्धत पडली आहे. ती बरीचशी चुकीची आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामीन तयार करणाऱ्या पेशींचं काम नोंदवलं. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी उद्दीपित होत. पण रसाच्या आधी दरवेळी एक खूण दाखवायला सुरुवात केल्यावर, काही दिवसांनी पेशी रसाला दाद देईनाशा झाल्या. त्या खुणेलाच उद्दीपित होऊ लागल्या. खूण दाखवून रस दिला नाही, तर त्यांचं काम नेहमीपेक्षाही मंदावत असे. म्हणजे हे रसायन मिळालेल्या सुखापेक्षा, मिळू घातलेल्या सुखाचा हिशेब ठेवतं.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांनी याच्या पुढची पायरी दाखवली. ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामीन जवळजवळ संपवून टाकलं होतं, ते समोर अन्न असूनही खायला जात नसत. पण त्यांच्या तोंडात साखरेचं पाणी घातलं की ते पूर्वीसारखेच मिटक्या मारत. गोडी शाबूत होती. ओढ गेली होती. यावरून बेरिज आणि त्यांचे सहकारी टेरी रॉबिन्सन यांनी मांडलं की, एखादी गोष्ट 'हवीशी वाटणं' आणि ती 'आवडणं' या मेंदूतल्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. बहुतेक वेळा त्या जोडीने चालतात. कधी कधी त्यांची फारकत होते. मग हवंसं वाटणं वाढत जातं आणि आवडणं आहे तिथेच राहतं.

आता आपल्या गृहस्थांकडे पाहा. रात्री अकरा वाजता अंथरुणात पडून ते रंध्यांची तुलना करत असतात. एकाचं पातं चांगलं, दुसऱ्याची मूठ चांगली. शेवटी बटण दाबलं जातं. मग 'पार्सल निघालं', 'पार्सल तुमच्या शहरात पोहोचलं', 'आज मिळेल' असे निरोप येत राहतात. शुल्ट्झच्या माकडाला एकच खूण मिळत होती. यांना चार दिवस खुणाच खुणा मिळतात. पार्सल उघडल्याचा आनंद मात्र अर्ध्या तासाचा. कारण रंधा हातात आला की खरं काम सुरू होतं. पात्याला धार लावायची, पातं किती बाहेर काढायचं ते शिकायचं, लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेला आहेत ते पाहायचं. पहिल्या दिवशी लाकूड सोलून निघण्याऐवजी ओरबाडलंच जातं. एवढी निराशा पचवण्यापेक्षा पुढच्या पार्सलची वाट पाहणं मेंदूला सोपं जातं.

अवजार अवजाराला बोलावतं

यात अवजारांचा स्वतःचाही एक गुण आहे. साडी घेतली की फार तर जुळणारा ब्लाउज लागतो. पटाशी घेतली की धार लावायला दगड लागतो. दगडावर पटाशी नेमक्या कोनात धरायची तर त्याची पट्टी लागते. पटाशी चालवायची तर लाकूड पक्कं धरून ठेवणारा शिकंजा लागतो, आणि शिकंजा बसवायचा तर भक्कम टेबल लागतं. प्रत्येक खरेदी तर्काला धरून असते. म्हणूनच या छंदात माणसाला आपण उधळपट्टी करतो आहोत असं कधी वाटत नाही. आपण अजून तयारी करतो आहोत, असंच वाटतं.

फ्रेंच लेखक देनी दिदरो याने १७६९ मध्ये एक मिश्कील निबंध लिहिला होता. त्याला एक सुंदर नवा झगा मिळाला आणि त्या झग्यापुढे खोलीतलं जुनं सामान कळकट दिसू लागलं. मग एकेक वस्तू बदलत गेली आणि हा गृहस्थ आपल्याच झग्याचा गुलाम झाला. ग्रँट मॅक्क्रॅकन या मानववंशशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये या साखळीला 'दिदरो परिणाम' असं नावच दिलं. एक महागडी पटाशी घरात आली की उरलेल्या पाच स्वस्त पटाश्या रद्दी वाटू लागतात, तो हाच परिणाम.

दुसरं कारण अधिक नाजूक आहे. रॉबर्ट विकलंड आणि पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये असं मांडलं की, आपल्याला जे व्हायचं आहे त्यात आपण कमी पडतो आहोत असं वाटू लागलं, की माणूस त्या ओळखीची बाहेरची चिन्हं गोळा करतो. सुतार व्हायला वर्षं लागतात. सुतारासारखी भिंत सजवायला एक क्रेडिट कार्ड पुरतं. पन्नाशी-साठीतल्या माणसाच्या बाबतीत हे मला विशेष जाणवतं. निवृत्ती दिसू लागलेली असते. खुर्चीबरोबर ओळखही जाणार, याची धास्ती असते. मग कपाटात एकेक अवजार जमतं. प्रत्येक अवजार म्हणजे 'मी अजून काहीतरी होणार आहे' असं स्वतःला दिलेलं वचन असतं. अशा माणसाची थट्टा करू नये. त्याला एवढंच विचारावं, की पहिलं लाकूड कधी कापणार?

हा प्रकार आजचा नाही. इंग्लंडमधल्या रॉचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयात बेंजामिन सीटन या तरुणाची १७९७ सालची सुतारकामाची पेटी आहे. त्या काळच्या लंडनमधून आणलेली उत्तमोत्तम अवजारं तिच्यात यादीसकट जपलेली आहेत. सव्वादोनशे वर्षांनंतरही ती इतकी चांगली का राहिली? कारण ती फारशी वापरलीच गेली नाहीत. त्याच काळात राबणाऱ्या सुतारांची हजारो अवजारं झिजली, मोडली आणि नाहीशी झाली. संग्रहालयासाठी सीटनची पेटी अनमोल आहे. पण ती घेतली होती लाकूडकामासाठी.

मेंदू अवजाराला आपलं कधी म्हणतो?

या सगळ्या चर्चेत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो जपानमधला एक प्रयोग. अत्सुशी इरिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी माकडांना लहानशा दाताळ्याने दूरचा खाऊ ओढून घ्यायला शिकवलं. मेंदूच्या पार्श्वभागात अशा काही पेशी असतात, ज्या हाताला झालेल्या स्पर्शाला प्रतिसाद देतात आणि हाताच्या आसपास दिसणाऱ्या वस्तूलाही देतात. 'माझा हात इथपर्यंत' याचा नकाशा त्या सांभाळतात असं म्हणा. माकडाने काही मिनिटं दाताळ्याने खाऊ ओढला की हा नकाशा दाताळ्याच्या टोकापर्यंत लांबत असे. मेंदूच्या लेखी दाताळं हाताचाच भाग झालेलं असे.

आता खरी मेख. माकडाने दाताळं नुसतं हातात धरून ठेवलं, तर नकाशा लांबत नसे. काम थांबलं की थोड्या वेळाने तो पुन्हा पहिल्यासारखा होत असे. बिल आपल्या नावावर असलं, अवजार आपल्या कपाटात असलं, अगदी मुठीत असलं, तरी मेंदू त्याला आपलं म्हणत नाही. वापरलं की म्हणतो.

कौशल्याचंही तसंच आहे. २००४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात जर्मन संशोधकांचा एक अभ्यास आला. ज्यांना कधीच तीन चेंडू हवेत खेळवता येत नव्हते, अशा लोकांनी तीन महिने सराव केला. स्कॅनमध्ये त्यांच्या मेंदूतल्या हालचाल टिपणाऱ्या भागातला करडा पदार्थ थोडा वाढलेला दिसला. सराव सोडून तीन महिने झाल्यावर ही वाढ बरीच ओसरली होती. मोठ्या वयातही मेंदू सरावाने बदलतो, हा त्यातला दिलासा. आणि सराव सोडला की बदल ओसरतो, हा त्यातला इशारा.

आपल्या गावगाड्यातला सुतार हे कुठल्याही प्रयोगशाळेवाचून जाणत होता. वाकस, करवत, रंधा, पटाशी, गिरमिट, गुण्या आणि हातोडी एवढ्या मोजक्या अवजारांवर बारा बलुतेदारांमधला हा कारागीर नांगर, पाभर, बैलगाडीचं चाक आणि घराची दारं-खिडक्या करत असे. वाकसाचा दांडा तो स्वतःच घडवी आणि तो त्याच्याच तळहाताने गुळगुळीत होई. गरिबीचं उदात्तीकरण करण्यासाठी मी हे सांगत नाही. त्याला चांगली अवजारं परवडली असती तर त्याने ती जरूर घेतली असती. पण कामाला सुरुवात करायला किती कमी लागतं, ते त्याच्या पिशवीवरून कळतं.

हाताचा हिशेब

इथवर नुकसान पैशाचं होतं. आता शरीराचं बोलू, कारण माझी खरी काळजी तीच आहे.

करवतीने लाकूड कापायला शिकताना चूक झाली, तर कातडी सोलली जाते. मशीनने शिकताना चूक झाली, तर बोट जातं. हाताच्या अवजारांत वेग आपल्या हातात असतो. मशीनमध्ये तो आधीच ठरलेला असतो. चार इंची ग्राइंडरचं पातं मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे फिरतं. हे मशीन धातू घासायला आणि कापायला बनवलेलं आहे. त्याला लाकडाचं दातेरी पातं लावून, वरचं संरक्षक कवच काढून फळ्या कापायची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. पातं लाकडात अडकलं की मशीन क्षणार्धात मागे, म्हणजे आपल्या अंगावर उसळतं. हात मागे घ्यायला तेवढा वेळच मिळत नाही. कौशल्याच्या आधी शक्ती विकत घेतली, की असे अपघात होतात. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात असे हात येत असतात. त्यांतले बहुतेक कामगारांचे असतात. पण आता बोटांवर शाईऐवजी भुसा लागलेले, कार्यालयात काम करणारे लोकही तिथे दिसू लागले आहेत.

हाताच्या एकूण कामापैकी सुमारे ४० टक्के काम एकट्या अंगठ्याचं मानलं जातं. १९६५ साली जपानमध्ये कोमात्सु आणि तामाई या शल्यचिकित्सकांनी पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या शिवून पुन्हा जोडला, तेव्हापासून तुटलेली बोटं जोडता येऊ लागली. पण फिरणारं पातं बोट कापतं तसं थोडं खातंही. मधला भाग चिरडून नाहीसा होतो, त्यामुळे जोडणं अवघड होतं. तरीही आशा सोडू नये. प्रत्येक घराला माहीत असाव्यात अशा चार गोष्टी सांगतो. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा आणि हात उंच ठेवा. दोरी किंवा रबर आवळू नका. तुटलेला भाग स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी घट्ट बंद करा. ती पिशवी बर्फ आणि पाणी घातलेल्या डब्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका, पाण्यात बुडवू नका, त्याला हळद लावू नका. रुग्णाला काही खायला-प्यायला देऊ नका. आणि बोट जोडण्याची शस्त्रक्रिया होते, अशाच रुग्णालयाची आधी फोनवर चौकशी करून थेट तिथे जा.

भुशाचीही एक बाजू आहे. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशायरमध्ये खुर्च्या-टेबलं बनवणाऱ्या कामगारांत नाकाच्या आतल्या भागाचा एक दुर्मीळ कर्करोग वारंवार आढळू लागला. नाक-कान-घसातज्ज्ञ एस्मी हॅडफिल्ड यांच्या ते लक्षात आलं. पुढे १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. हा धोका प्रामुख्याने वर्षानुवर्षं धुळीत काम करणाऱ्यांना आहे. रविवारी तासभर काम करणाऱ्याने घाबरून जाऊ नये. पण दमा किंवा ॲलर्जी असणाऱ्याला तो तासही पुरतो. मशीनने घासल्यावर उडणारी धूळ इतकी बारीक असते की तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवत नाही. नीट बसणारा एन-९५ मास्क लागतो. कानांचंही तेच. १०० डेसिबलचा आवाज असेल, तर कानांना सुरक्षित वेळ दिवसाला फक्त १५ मिनिटं, असं अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचं मोजमाप सांगतं. लाकूड कापणारी मशीनं सहज तेवढा आवाज करतात.

पन्नाशीनंतर हा छंद सुरू करणाऱ्यांसाठी थोडं अधिक. मधुमेहाने बोटांची संवेदना कमी झाली असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, किंवा गुंगी आणणारं औषध घेत असाल, तर मशीन घेण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला. जवळचं नीट दिसत नसेल, तर नवा राउटर घेण्याआधी नवा चष्मा घ्या. मद्य घेतल्यावर मशीनला हातच लावायचा नाही. फिरत्या मशीनवर सैल हातमोजे घालायचे नाहीत. पात्यात मोजा अडकला की तो हाताला आत ओढतो.

क्वचित हा आजारही असतो

आता त्या पत्नीच्या प्रश्नाकडे वळू. खरेदीची ओढ काही वेळा खरोखरच आजाराची किंवा औषधाची खूण असते, आणि घरच्यांना ती डॉक्टरांच्या आधी दिसते.

पार्किन्सनच्या आजारात मेंदूतलं डोपामीन कमी होतं. त्यावर दिली जाणारी प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधं डोपामीनची नक्कल करतात. त्यांनी हातापायांचा ताठरपणा कमी होतो. पण काही रुग्णांत मघाशी सांगितलेली 'हवंसं वाटण्याची' यंत्रणा बेफाम होते. अमेरिका आणि कॅनडातल्या ३०९० पार्किन्सन रुग्णांचा मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १३.६ टक्के रुग्णांत जुगार, अतिखाणं, लैंगिक वर्तन किंवा खरेदी यांपैकी कशावर तरी ताबा राहिला नसल्याचं आढळलं. एकट्या बेलगाम खरेदीचं प्रमाण ५.७ टक्के होतं. काही रुग्ण तर तासन्‌तास अवजारं मांडतात, वर्गवारी करतात, घड्याळं किंवा रेडिओ उघडून पुन्हा जोडतात; जेवणाचं, झोपेचं भान राहत नाही. त्याला 'पंडिंग' म्हणतात. आयुष्यभर काटकसरीने राहिलेले वडील नवं औषध सुरू झाल्यावर अचानक मशीनं मागवू लागले, तर तो त्यांच्या स्वभावाचा दोष समजू नका. डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येतं. मात्र ते स्वतःहून एकाएकी बंद करू नका, त्यात धोका आहे.

उन्मादाच्या आजारातही माणूस अचानक प्रचंड खरेदी करतो. त्याच्याबरोबर झोप कमी होणं, बोलण्याचा वेग वाढणं, मोठमोठ्या योजना आखणं ही लक्षणं असतात. स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारात स्मरणशक्ती बिघडण्याआधीच वागणं बदलतं आणि वस्तू साठवण्याचं वेड लागतं. आणि कुठलाही आजार नसताना पार्सल लपवलं जात असेल, किंमत खोटी सांगितली जात असेल, कर्जाचे हप्ते थकत असतील, किंवा उदास वाटलं की खरेदी केल्याशिवाय बरंच वाटत नसेल, तरी मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आधी पाट करा

बाकीच्यांसाठी, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांसाठी, माझा सल्ला औषधाचा नाही. एक पाट करा. जेवायला बसायचा साधा लाकडी पाट: एक फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या. त्याला करवत, रंधा, गुण्या, पटाशी आणि हातोडी एवढंच लागतं. तो डुगडुगला तर का डुगडुगला ते शोधा आणि दुसरा करा. दुसरा पाट करताना जे अवजार खरोखर अडलं, तेच विकत घ्या. जे हवंसं वाटतं ते तारीख घालून वहीत लिहून ठेवा आणि महिन्याने वही उघडा. त्यातल्या अनेक नोंदी पाहून तुम्हाला स्वतःलाच आश्चर्य वाटेल. ओढ वाट पाहायला लावली की बहुधा विरते. गरज मात्र महिन्यानेही तशीच उभी असते. मशीन वर्षातून दोनदाच लागणार असेल, तर मित्राकडून आणा किंवा भाड्याने घ्या. पहिला खर्च गॉगल, मास्क आणि कानांच्या संरक्षणावर करा. त्यांच्याबद्दल कुणी रात्री अकरा वाजता व्हिडीओ पाहत बसत नाही, हे मला माहीत आहे.

घरच्यांनाही एक विनंती. “पुन्हा पैसे घालवलेस?” या प्रश्नाने पार्सल लपवणं तेवढं वाढतं. त्यापेक्षा “देवघरासमोर एक चौरंग हवा आहे, करून देतोस?” असं म्हणून पाहा. अवजाराला काम मिळालं की मालकालाही मिळतं.

शेवटी एक निरीक्षण. हौशी माणसाच्या कपाटात संरक्षक चष्मे दोन-दोन असतात, कुठल्या तरी संचाबरोबर फुकट आलेले, प्लास्टिकही न काढलेले. आणि त्याच घरात किचनची कपाटं करायला आलेला सुतार उघड्या डोळ्यांनी, उघड्या नाकाने प्लायवूड कापत असतो. त्याची दोन बोटं गेली, तर छंद जात नाही. घर चालायचं थांबतं. दसऱ्याला तो त्याच्या अवजारांना झेंडूचं फूल वाहतो, कारण वर्षभर त्या अवजारांनी त्याला पोसलेलं असतं. तुमच्या कपाटातला न वापरलेला चष्मा आणि चांगले मास्क त्याला द्या, आणि तुमच्या घरात काम करताना तरी त्याने ते वापरावेत असा आग्रह धरा. न वापरलेल्या अवजाराचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.